मोंगखोन आणि प्राचियत : बेळगावातील एका वर्गाने मागवलेल्या संचाचे परीक्षण

मुए थाय या थायलंडच्या लढतविद्येत लढतीपूर्वी लढवय्याच्या डोक्यावर चढवले जाणारे, दोर वळून केलेले कडे म्हणजे मोंगखोन, आणि त्याच्या दंडांवर बांधल्या जाणाऱ्या कापडी पट्ट्या म्हणजे प्राचियत. या दोहोंचा एकत्रित संच आमच्या टिळकवाडीतील वर्गाने इंटरनेटवरील एका विक्रेत्याकडून मागवला आणि पूर्ण पावसाळाभर सरावात व प्रात्यक्षिकांत वापरून पाहिला. निष्कर्ष आधीच सांगतो. वस्तू म्हणून मोंगखोन चांगले आहे, प्राचियत सुमार आहेत, आणि हा संच ज्या पद्धतीने विकला जातो ती पद्धत वस्तूच्या मूळ स्वभावाला धरून नाही. विक्रेता तो प्रत्येक खेळाडूने आपापला घ्यावा असे सुचवतो. माझ्या मते कोणत्याही खेळाडूने मोंगखोन स्वतःसाठी घेऊ नये, वर्गाने एकच घ्यावे आणि ते शिकवणाऱ्या गुरूंच्या ताब्यात राहावे.

थायलंडमधील परंपरा पाहिली तर याचे कारण स्पष्ट होते. तेथे मोंगखोन लढवय्याचे नसते. ते त्याच्या तालमीचे, किंबहुना तालमीच्या गुरूंचे असते. गुरू ते उंच जागी, देव्हाऱ्यापाशी ठेवतात, लढतीच्या दिवशी मंत्र पुटपुटत शिष्याच्या डोक्यावर चढवतात, आणि वाय ख्रू व रम मुए, म्हणजे गुरुवंदना आणि तिच्या पाठोपाठ येणारे संथ नृत्य पूर्ण झाले, की स्वतःच्या हातांनी उतरवून घेतात. त्यानंतरच लढतीची घंटा होते. आमचा वर्ग पाहायला आलेल्या कुस्तीतील एका जुन्या वस्तादांनी संच हातात घेताच पहिला प्रश्न हाच विचारला, "हे घालून खेळत्यात व्हय?" आणि खेळण्याआधी उतरवतात हे कळल्यावर त्यांनी मान डोलावली. आपल्या मैदानी कुस्तीत मानाचा फेटा जिंकल्यावर बांधला जातो. तेथे डोके लढतीआधी सजते आणि लढताना उघडे असते. ज्याच्या त्याच्या पिशवीत बूट आणि हातमोज्यांबरोबर कोंबलेले मोंगखोन या व्यवस्थेत कोठेच बसत नाही, कारण ते जमिनीला लागू द्यायचे नसते, ओलांडायचे नसते आणि हातोहात फिरवायचेही नसते.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळतो. आमच्याकडे आलेल्या मोंगखोनाच्या आत सुती दोराचा घट्ट गाभा आहे, त्यावर लाल आणि पिवळ्या कृत्रिम रेशमी दोऱ्यांची वीण आहे आणि मागच्या बाजूला वीतभर शेपूट असून तिच्या टोकाला दोन गोंडे आहेत. जोडाची शिवण आतल्या बाजूने दडवलेली असल्यामुळे ती कपाळाला टोचत नाही. मण्यांची किंवा धातूच्या जरीची सजावट नाही, ही मला जमेची बाजू वाटली. त्याच विक्रेत्याकडे चकाकणाऱ्या जरीचे महागडे प्रकारही आहेत, परंतु ते छायाचित्रापुरते बरे. जुन्या पद्धतीत या गाभ्यामध्ये भिक्षूंनी पठण करून मंतरलेला पवित्र धागा, ज्याला तेथे साय सिन म्हणतात, किंवा यंत्र रेखाटलेले कापड गुंडाळून घालत असत, आणि काही तालमींमध्ये आजही घालतात. आमच्या संचाच्या वेष्टनावर तो 'मंत्रसिद्ध' असल्याचे छापलेले आहे. हा दावा ग्राहकाला तपासता येण्याजोगा नाही, म्हणून त्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नये. शिवाय परंपरेच्या हिशेबाने पाहिले तरी वस्तूला पावित्र्य येते ते तिला सांभाळणाऱ्या गुरूंमुळे. कुरियरच्या खोक्यातून ते येईल, अशी अपेक्षा ठेवणेच चुकीचे आहे.

मोंगखोनाची खरी कसोटी लागते ती वाय ख्रूमध्ये, आणि बहुतेक खरेदीदार नेमका हाच विचार करत नाहीत. लढवय्या मोंगखोन घालूनच रिंगणाकडे येतो, आणि डोक्यावरची पवित्र वस्तू दोराखालून जाऊ नये म्हणून पुरुष खेळाडू सर्वांत वरच्या दोरावरून पाय टाकून आत उतरतो. मग तो वरच्या दोरावर हात ठेवून चारही बाजूंनी फिरत, प्रत्येक कोपऱ्यात थांबून नमस्कार करत रिंगण जणू बांधून घेतो. मध्यभागी येऊन गुडघ्यांवर बसतो आणि तीन वेळा, कपाळ हातमोज्यांपर्यंत जाईल इतके वाकून वंदन करतो. त्यानंतर रम मुएच्या मुद्रा सुरू होतात. त्यांतली काही नावे आपल्याला ओळखीची वाटतील: चार दिशांना वळून करायची चतुर्मुख ब्रह्म्याची मुद्रा आहे, आणि रामाने बाण सोडण्याची मुद्रा आहे, जिच्यात खेळाडू काल्पनिक धनुष्य ओढून प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने नेम धरतो. एवढ्या सगळ्या उठाबशीत कडे डोक्यावरून घसरता कामा नये, आणि शेवटी गुरूंना ते एका हालचालीत, केसांना हिसका न बसता काढता आले पाहिजे. म्हणजे ते सैलही नको आणि घट्टही नको. त्यातून एकच मोंगखोन वर्गातील बारा वर्षांच्या मुलापासून चाळिशीतल्या गृहस्थापर्यंत सर्वांच्या डोक्यावर जाणार असते.

या कसोटीवर आमचे मोंगखोन बऱ्यापैकी उतरले. मागच्या शेपटीजवळ जी गाठ आहे ती थोडी सरकवता येते, आणि कड्याचा ताठरपणा इतपत आहे की ते कपाळाच्या वरच्या भागावर टेकून राहते, भुवयांवर उतरत नाही. लहान मुलांच्या डोक्यावर मात्र तीन वंदनांपैकी दुसऱ्याच वंदनाला ते पुढे झुकू लागते. त्यावर आतून कापडी अस्तर लावण्याचा उपाय काही जणांनी सुचवला, परंतु आमच्या सरांनी मुलांना पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकायला शिकवले आणि घसरणे बरेच कमी झाले. मुलांची घाई कमी होणे हा त्याचा आणखी एक फायदा. हे सारे कर्मकांड लढतीआधीचा वेळकाढूपणा आहे असे मानणाऱ्या पालकांना मी नेहमी सांगतो की, धडधडणारी छाती आणि थरथरणारे पाय जागेवर आणायला त्या काही मिनिटांइतका उपयोगी दुसरा व्यायाम नाही.

संचासोबतच्या कार्डावर संगीताचे ध्वनिमुद्रण ऐकण्याची सोय दिली आहे आणि ती अनपेक्षितपणे चांगली निघाली. मूळ वाद्यवृंदात पी चवा नावाचे सनईच्या जातीचे वाद्य, क्लोंग खेक नावाच्या जोडीच्या ढोलक्या आणि छिंग नावाच्या छोट्या झांजा असतात. गुरुवंदनेच्या वेळी लय संथ असते आणि लढत सुरू झाली की ती चढत जाते. आनंदवाडीच्या आखाड्यात हलगी आणि घुमक्याच्या ठेक्यावर कुस्त्या पाहत वाढलेल्या माणसाला हे चढत जाणे समजावून सांगावे लागत नाही. स्पीकर मात्र चांगला हवा, नाहीतर पी चवाचा आवाज नुसता किंचाळल्यासारखा येतो.

सोबतच्या माहितीपत्रकाविषयी थोडे लिहिणे भाग आहे. त्यात नाय खानोम तोमची कथा आहे: 1767 मध्ये तेव्हाची थाय राजधानी अयुथ्थया पडल्यावर ब्रह्मदेशात कैदी म्हणून नेलेल्या या लढवय्याने 1774 मध्ये तेथील राजासमोर लढण्यापूर्वी वाय ख्रू केले, पाहणाऱ्यांना ते जादूटोण्यासारखे वाटले, आणि मग त्याने एकामागून एक प्रतिस्पर्धी लोळवले. थायलंडमध्ये 17 मार्च हा दिवस त्याच्या नावाने पाळला जातो. कथा उत्तम आहे, पण तिच्यात दंतकथेचा अंश बराच आहे, आणि पत्रकाने ती कागदोपत्री सिद्ध इतिहासाच्या सुरात छापली आहे. त्याच पत्रकात मोंगखोन फक्त थायलंडचेच असल्याचेही म्हटले आहे, ते खरे नाही. कंबोडियाच्या कुन ख्मेर या लढतविद्येतही असेच शिरोबंधन आणि लढतीपूर्वीचे नृत्य आहे. 2023 च्या नोमपेन्ह येथील आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धेत यजमानांनी या प्रकाराला कुन ख्मेर हे नाव दिल्यामुळे थायलंडने त्यात खेळाडूच पाठवले नाहीत. नावावरून दोन शेजाऱ्यांनी हट्टाला पेटणे म्हणजे काय, हे निदान आम्हा सीमाभागातल्या लोकांना कोणी शिकवू नये.

पत्रकावर हनुमानाचे चित्र आहे, आणि त्यामुळे आमच्या काही पालकांनी मोंगखोन मारुतीच्या तसबिरीजवळ ठेवण्याचा आग्रह धरला. ठेवायला हरकत नाही आणि आम्ही ते तेथेच, भिंतीवरच्या उंच खुंटीला ठेवले आहे. मात्र रामकियेन या थाय रामकथेतला हनुमान ब्रह्मचारी नाही, सुवर्णमच्छा नावाच्या मत्स्यकन्येवर तो चक्क अनुरक्त होतो, ही गोष्ट तालमीच्या जुन्या मंडळींना मी अद्याप सांगितलेली नाही.

पत्रकातली जी सूचना मला सर्वांत खटकली ती म्हणजे स्त्रियांनी मोंगखोनाला स्पर्श करू नये ही. परंपरेत असा निर्बंध आहे हे खरे. अनेक थाय तालमींनी तो कसोशीने पाळला, आणि तेथील बऱ्याच ठिकाणी स्त्री खेळाडूंना वरच्या दोरावरून न येता सर्वांत खालच्या दोराखालून रिंगणात शिरावे लागत असे. परंतु परंपराही जागची हलते. 1956 मध्ये सुरू झालेल्या बँकॉकच्या लुंपिनी स्टेडियमचे रिंगण स्त्रियांना दीर्घकाळ बंद होते, तेथे 2021 मध्ये स्त्रियांची लढत झाली, आणि 2023 च्या जानेवारीपासून दर आठवड्याला तेथून जगभर प्रक्षेपित होणाऱ्या कार्यक्रमांत स्त्रियांच्या लढतीही असतात. आपल्याकडेही लाल मातीत मुलींना उतरू न देणाऱ्या तालमी होत्या आणि आज त्याच मातीत मुली कुस्ती खेळतात. काही तालमी मुलींसाठी वेगळे मोंगखोन ठेवून मधला मार्ग काढतात. आमच्या वर्गात मुली निम्म्याच्या आसपास आहेत आणि सरांनी सर्वांसाठी एकच मोंगखोन ठरवले. त्याचा मला आनंद आहे. विक्रेत्याने हा निर्बंध ठळक अक्षरांत, जणू वापराचा नियम म्हणून, छापण्याऐवजी परंपरेची माहिती म्हणून द्यायला हवा होता.

प्राचियत मात्र घेऊ नयेत. लढतीत मोंगखोन उतरवतात, पण प्राचियत दंडांवर तसेच राहतात, त्यामुळे त्यांना घाम, ओढाताण आणि पकडीत घासले जाणे हे सर्व सोसावे लागते. आमच्या पट्ट्यांचा लाल रंग पहिल्याच जोरकस सरावात मुलांच्या बाह्यांवर उतरला, आणि टोकांची वीण महिन्याभरात सुटू लागली. विक्रेत्याने पट्ट्यांचे रंग नवशिक्या ते निष्णात अशा श्रेणींनुसार लावून दिले आहेत. ही व्यवस्था कराटेच्या पट्ट्यांवरून अलीकडे आलेली आहे, मूळ परंपरेतली नाही, आणि मुलांना त्यामुळे नसती स्पर्धा लागते. परंपरेत लढायला निघालेला मुलगा आईच्या किंवा जवळच्या माणसाच्या वस्त्राची पट्टी फाडून दंडावर बांधत असे आणि कधीकधी तिच्यात लहानसा ताईतही गुंडाळत असे. असे असताना विकतची पट्टी कशासाठी हवी? शहापूर-वडगावच्या मागावर विणलेल्या जुन्या सुती साड्या आमच्या भागात घरोघर ट्रंकेत पडून आहेत. अशा साडीची चार बोटे रुंद पट्टी घडी घालून शिवली तर ती घाम शोषते, रंग सोडत नाही आणि गाठही पक्की बसते. आमच्या वर्गातील बहुतेक मुलांनी आता तेच केले आहे, आणि मुलाच्या दंडावर आपल्या साडीचा काठ पाहून प्रात्यक्षिकांना नियमाने येऊ लागलेल्या आयांची संख्याही वाढली आहे.

निगा राखण्याबाबत बेळगावकरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आमच्या पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेल्या कोणत्याही सुती वस्तूला बुरशी धरते आणि मोंगखोनाचा गाभा सुती आहे. ते पाण्यात धुऊ नये, कारण आतला दोर फुगतो आणि कडे वेडेवाकडे होते. वापर झाल्यावर कोरड्या फडक्याने टिपून मोकळ्या हवेत टांगावे आणि उघडीप मिळेल तेव्हा सावलीत वारा द्यावा. किंमत पाहता संच दोन हजारांच्या आत मिळतो, परंतु नुसते मोंगखोन घेतले तर त्याच्या जवळजवळ निम्म्या पैशांत काम होते. मागणी नोंदवण्यापूर्वी विक्रेत्याला आतला घेर सेंटीमीटरमध्ये विचारावा आणि गाठ सरकणारी आहे की शिवून पक्की केलेली आहे हेही लेखी घ्यावे, कारण पक्क्या गाठीचे कडे परत पाठवायचे म्हटले तर परतीचे कुरियर ग्राहकाच्याच माथी येते.