मॅबिनोगिअनची पेपरबॅक आवृत्ती : चिलखताआधीचा राजा आर्थर

लेडी शार्लट गेस्ट यांनी १८३८ ते १८४५ या काळात इंग्रजीत आणलेल्या मध्ययुगीन वेल्श कथांच्या ‘मॅबिनोगिअन’ या संग्रहाची ही स्वस्त पेपरबॅक आवृत्ती जळगावच्या एका पुस्तकविक्रेत्यांनी मला मागवून दिली. ब्रिटनच्या दंतकथांतला राजा आर्थर म्हटले की आपल्याला त्याचे सरदार ज्याभोवती बसत ते गोलमेज आठवते. परंतु ते गोलमेज वास या नॉर्मन कवीने ११५५ मध्ये आपल्या काव्यात आणले. वेल्श परंपरेतला आर्थर त्याहून रांगडा आहे, आणि त्याला भेटायचे असेल तर या संग्रहातील ‘किल्हूख आणि ओल्वेन’ ही कथा सर्वांत आधी वाचावी.

तरुण किल्हूख दरबारात येऊन मागणे मागतो, तेव्हा आर्थर आपले जहाज, झगा, कालेद्वूल्ख ही तलवार, भाला, ढाल, कट्यार आणि पत्नी ग्वेनहुइवार एवढे सोडून काहीही देण्याचे वचन देतो. किल्हूखला ओल्वेनशी लग्न करायचे असते; तिचा राक्षस बाप त्यासाठी ज्या अटी घालतो, त्यांत तूर्ख त्रुइथ या रानडुकराच्या दोन कानांमध्ये असलेला कंगवा, वस्तरा आणि कात्री आणण्याची अट आहे. हे डुक्कर पूर्वी राजा होते. आयर्लंडहून समुद्र ओलांडून ते वेल्समध्ये उतरते, गावेच्या गावे उजाड करते. सेव्हर्न नदीत वस्तरा व कात्री हाती लागतात, कंगवा मात्र कॉर्नवॉलमध्ये मिळतो, आणि शेवटी डुक्कर समुद्रात नाहीसे होते. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावलकडे, रानडुकरांनी एका रात्रीत आडवा केलेला मका ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या पाठलागातली धास्ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. दरबाऱ्यांची लांबलचक नामावळीही मोठ्याने वाचण्यासारखी आहे: त्यांतल्या एकाला जमिनीत सात हात खोल पुरले तरी तो पन्नास मैलांवरची मुंगी सकाळी हलल्याचे ऐकतो!

आवृत्तीत उणिवा आहेत. अक्षर बारीक आहे, नकाशा नाही, आणि वेल्श नावांच्या उच्चारांची सूची नसल्याने प्रत्येक पानावर अडखळायला होते. एवढ्या प्रवासाच्या कथेला नकाशा न देणे मला अक्षम्य वाटते. शिवाय गेस्ट यांनी त्या काळच्या शिष्टाचारास न मानवणारे काही तपशील गाळले आहेत, याचीही प्रस्तावनेत नोंद हवी होती. तरीही त्यांची भाषा वाचून दाखवताना फार चांगली लागते, त्यामुळे अभ्यासासाठी नवे, सटीप भाषांतर घ्यावे आणि घरी मुलांना कथा वाचून दाखवायची असल्यास हीच प्रत निवडावी.