संदर्भ आणि टिपणे: वर्गासाठी झोटेरो, मेंडेली, वर्ड की साधी गूगल शीट?

गोव्यातल्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलावर प्रकल्प लिहायला दिला की वहीत ३४,०२१ हा आकडा येतोच. संघप्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते, महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. वजाबाकी बरोबर आहे. पण "कुठून घेतलास?" म्हटले की उत्तर येते, "नेटवरून." कुठल्या पानावरून, ते पान कोणी लिहिले, कधी पाहिले, यातले काहीच हाताशी नसते. संदर्भसूची शेवटच्या आठवड्यात तयार होते म्हणून चूक तिथे दिसते. प्रत्यक्षात ती टिपण घेतानाच झालेली असते.

म्हणून इथे साधनांची तुलना एकाच कसोटीवर केली आहे: विद्यार्थ्याच्या वाक्यावरून मूळ पानापर्यंत परत जाता येते का? सूची देखणी निघणे हा त्यानंतरचा प्रश्न. हायर सेकंडरीचे शिक्षक आणि महाविद्यालयातले प्रकल्प-मार्गदर्शक यांना वर्गासाठी एक पद्धत ठरवायची असते, त्यांच्यासाठी हा आढावा.

गूगल शीट आणि झोटेरोबिब

अकरावी-बारावीसाठी आमची पहिली पसंती हीच. शीटमध्ये सहा रकाने पुरतात: स्रोत क्रमांक, पान, प्रकार, मजकूर, पाहिल्याची तारीख, माझे म्हणणे. सगळी मदार "प्रकार" या रकान्यावर आहे. त्यात तीनच खुणा: "अ" म्हणजे शब्दशः अवतरण, "सा" म्हणजे स्वतःच्या शब्दांत सारांश, "मा" म्हणजे स्वतःचा विचार. "अ" असेल तर मजकुराला अवतरणचिन्हे लावायचीच. ही खूण राहून गेली की तीन आठवड्यांनी दुसऱ्याचे वाक्य स्वतःचेच वाटू लागते, आणि वाङ्मयचौर्य बहुतेक वेळा असेच, मनात काही नसताना घडते. पुढे पीएच.डी.पर्यंत जाणाऱ्याला तर ही सवय फारच लागते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ धरले आहे. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत प्रबंध दुरुस्त करून सहा महिन्यांत पुन्हा द्यावा लागतो आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. मात्र श्रेय देऊन घेतलेली अवतरणे या मोजणीतून वगळतात.

सूचीसाठी झोटेरोबिब ही संदर्भसूची करून देणारी वेबसाइट. खाते लागत नाही, काही बसवावे लागत नाही, फोनवरही चालते. वेबपानाचा पत्ता किंवा पुस्तकावरचा आयएसबीएन क्रमांक टाकला की नोंद तयार होते. धोका एकच: यादी त्या ब्राउझरमध्येच साठते. लॅबमधला संगणक बंद केल्यावर सगळे पुसले जात असेल तर यादीही जाते. तास संपण्यापूर्वी यादीची लिंक तयार करून ती शीटच्या पहिल्या ओळीत चिकटवायची, हा नियमच करावा.

वर्ड आणि गूगल डॉक्समधली सोय

दोन्हींत संदर्भ घालायची सोय आधीच आहे, त्यामुळे शिकवायला दहा मिनिटे पुरतात. एकाच निबंधापुरते ठीक. वर्डमधली स्रोतांची मुख्य यादी त्या संगणकावरच राहते. फाइलसोबत फक्त त्या फाइलचे स्रोत जातात. गूगल डॉक्समध्येही यादी त्या-त्या दस्तऐवजापुरतीच, पुढच्या प्रकल्पाला पुन्हा शून्यापासून सुरुवात. शिवाय वर्डच्या अनेक प्रतींत एपीए या संदर्भशैलीची अजून सहावी आवृत्ती असते. सातवी २०१९ मध्ये आली, आणि मार्गदर्शक सातवी मागत असेल तर मुलाचे गुण विनाकारण जातात. टिपणांसाठी दोन्हींत जागा नाही, म्हणून आमच्या कसोटीवर दोन्ही मागे पडतात.

झोटेरो

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षापासून पुढे आम्ही झोटेरो हा संदर्भ आणि टिपणे सांभाळणारा प्रोग्रॅमच सुचवतो. तो मोफत आहे, मुक्तस्रोत आहे आणि २००६ पासून चालू आहे. पण पसंतीचे खरे कारण वेगळे आहे. पीडीएफ झोटेरोतच उघडून मजकुरावर रंग मारला आणि नंतर त्या खुणांवरून टीप तयार केली, तर प्रत्येक उताऱ्याखाली लेखक, वर्ष, पान आपोआप येते. त्यावर क्लिक केले की नेमके तेच पान उघडते. वाक्यापासून पानापर्यंतचा दुवा कुठेच तुटत नाही. रंग वर्गात आधीच ठरवून द्यावेत: पिवळा अवतरणाला, निळा आकडेवारीला, लाल शंकेला.

इथे चुकते ते पान क्रमांकात. स्कॅन केलेल्या पुस्तकात मुखपृष्ठ हेच पान १ धरले जाते. छापील पान ४७ पडद्यावर ५९ दिसते आणि प्रबंधात ५९ छापले जाते. पहिली खूण केल्याबरोबर तिच्या पान क्रमांकावर उजवे क्लिक करून छापील आकडा घालावा.

पानाची नोंद झोटेरोत घेणारे बटण ब्राउझरमध्ये असते, त्यावरही आंधळा विश्वास नको. बटणावर पुस्तकाचे किंवा वर्तमानपत्राचे चिन्ह दिसले तर माहिती बऱ्यापैकी येते. साध्या पानाचे चिन्ह दिसले तर शीर्षक आणि पत्ता यापलीकडे फारसे काही येत नाही. लेखक आणि तारीख हाताने भरावी लागते.

मोफत साठा ३०० एमबी. चाळीस एमबीची स्कॅन केलेली सात पुस्तके ठेवली की संपला, आणि वर्गाच्या गटातल्या फाइली गट काढणाऱ्या शिक्षकाच्या साठ्यातून जातात. उपाय सोपा: सेटिंगमध्ये फाइलींचे सिंक बंद ठेवून फक्त नोंदी आणि टिपा सिंक कराव्यात, त्यांना मर्यादा नाही. पीडीएफ ड्राइव्हवर वेगळ्या ठेवाव्यात. मात्र झोटेरोचे डेटा फोल्डर ड्राइव्हमध्ये हलवायचे नाही, त्याने सगळा संग्रह बिघडू शकतो. लॅबमध्ये सगळे एकाच विंडोज लॉगिनवर बसत असतील तर झोटेरो बसवूच नये, कारण एकाच्या संग्रहात दुसऱ्याची पुस्तके शिरतात.

गूगल डॉक्समध्येही झोटेरो चालतो, पण संगणकावरचा झोटेरो तेव्हा उघडा हवा. काम सादर करताना दस्तऐवजाची प्रत काढावी, त्या प्रतीत संदर्भांचे दुवे तोडावेत आणि मगच वर्डमध्ये उतरवावे. मूळ फाइलीतच दुवे तोडले तर ते परत जोडता येत नाहीत.

मेंडेली

मेंडेली हाही झोटेरोसारखाच प्रोग्रॅम, २०१३ पासून एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीकडे आहे. दोन जीबी मोफत साठा हा मोठा फायदा, आणि विज्ञान शाखेत जिथे इंग्रजी शोधनिबंधांच्या पीडीएफ आणि वर्ड एवढ्यावर काम भागते तिथे तो सुरळीत चालतो. पण गूगल डॉक्सची जोडणी नाही आणि फोनवरचे ॲप २०२१ मध्ये बंद झाले. आपल्याकडची बरीच मुले वाचन फोनवरच करतात, त्यांच्यासाठी हे अडचणीचे. झोटेरोचे ॲप आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर आहे. आधीच मेंडेलीत काम करणाऱ्याने घाबरू नये. झोटेरोत तिथून संग्रह आणायची सोय आहे.

मराठी आणि गोव्याचे स्रोत

कुठलेही साधन घेतले तरी खरी मेहनत इथेच आहे.

आयएसबीएन हे आंतरराष्ट्रीय मानक १९७० चे. त्याआधीच्या पुस्तकाला तो नसतोच, तेव्हा नोंद हातानेच करायची. जुन्या मराठी पुस्तकावर शके वर्ष असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवावेत, जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंत ७९. शके १८८५ म्हणजे १९६३-६४. वर्षाच्या रकान्यात इंग्रजी अंक (1963 असे) घालावेत, देवनागरी अंक यंत्राला वर्ष म्हणून कळत नाहीत.

नावांचा घोळ वेगळाच. जे. एच. दा कुन्हा रिवारा हे नाव पोर्तुगीज पद्धतीने "रिवारा"खाली लागते, इंग्रजीत लिहिणारे अनेकजण "कुन्हा रिवारा" धरतात. वर्गाने एक ठरवावे आणि आडनावाच्या रकान्यात तेवढेच लिहावे. पूर्ण नाव एकाच रकान्यात टाकले तर सूचीचा क्रम बिघडतो. खाते, मंडळ, संस्था यांच्यासाठी मात्र एकच रकाना वापरायचा. प्रकाशनस्थळ मुखपृष्ठामागे छापले असेल तेच: पणजी, पंजिम किंवा नोव्हा गोवा. आपण सुधारायचे नाही.

मराठी आणि इंग्रजी नोंदी एकत्र निघाल्या की देवनागरी सगळी शेवटी जाते आणि मराठी नोंदीतही "एट अल." (म्हणजे "आणि इतर") इंग्रजीत येते. सुरुवातीपासून दोन वेगळे संग्रह ठेवावेत आणि इंग्रजी शब्द शेवटच्या प्रतीत हाताने बदलावेत. श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर अगम्य अक्षरे उमटतात. तिथे उतारा टाइप करावा किंवा चौकट आखून चित्र म्हणून घ्यावा.

वर्तमानपत्राचे कात्रण व्हॉट्सॲपवरून आलेले असेल आणि त्यावर तारीख-पान नसेल, तर तो संदर्भ नाही, शोधाची सुरुवात आहे. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जुने अंक पाहताना अंकाचे नाव, तारीख, पान आणि रकाना हे चारही तपशील बाड परत करण्याआधी टिपावेत. राजपत्राला मालिका, क्रमांक आणि तारीख लागते. चॅटबॉटने दिलेली सूची तर एकेक नोंद ग्रंथालयाच्या यादीत सापडल्याशिवाय घेऊ नये, त्यात अस्तित्वातच नसलेली पुस्तके असतात.

सुरुवात कशी करावी

पहिल्या तासाला संगणक नको. प्रत्येकाला एक छापील पुस्तक द्यावे आणि पाच ओळींचे एकच टिपण घ्यायला लावावे: एक अवतरण, एक सारांश, एक स्वतःचे वाक्य, प्रत्येकाला पान. दुसऱ्या तासाला तेच टिपण शीटमध्ये किंवा झोटेरोत चढवावे, म्हणजे रकाने कशासाठी आहेत ते आपोआप कळते. तिसऱ्या आठवड्यात मसुद्यातले कुठलेही तीन संदर्भ निवडावेत आणि प्रत्येकाचे मूळ पान दोन मिनिटांत दाखवायला सांगावे. एक जरी सापडले नाही, तर मसुदा नव्हे, टिपणे दुरुस्तीला परत द्यावीत.