सणाच्या सकाळसाठी घेतलेला चुंबकीय फळा : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशेजारी ६० बाय ४५ सेंटिमीटरचा चुंबकीय व्हाइटबोर्ड लावला. घरात आम्ही पाच जण : सासूबाई, नवरा, मी आणि दोन मुलं. पाहुणे अकराला येणार असले की साडेदहाला अर्धं घर टॉवेलात आणि मी मुलांवर ओरडतेय, असं दर सणाला व्हायचं. धाकटी पाच वर्षांची आहे. महिनाभर ज्या दिवसाची ती वाट बघायची, त्याच दिवशी सकाळी तिचा चेहरा रडवेला असायचा. ते मला सोसवेना, म्हणून हा फळा आला. सण आणि मोठ्या सुट्ट्या धरून अशा नऊ सकाळी त्याच्या आधाराने पार पाडल्यावर हे लिहितेय.

पहिल्या दोन वेळा काहीच फरक पडला नाही. आम्ही त्यावर नुसती कामांची यादी लिहिली होती. कामं सगळ्यांना माहीतच होती, पण कोण कोणासाठी खोळंबलंय हे यादीत दिसत नव्हतं. तिसऱ्या वेळी प्रत्येकासाठी एक उभा रकाना केला, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या आडव्या ओळी आखल्या आणि लिहायला तळापासून सुरुवात केली. सगळ्यांत खाली ‘११:०० पाहुणे’, त्याच्या वर ‘१०:३० सगळे तयार’, आणि असं मागे मागे जात उठायच्या वेळेपर्यंत.

लिहिता लिहिता पाचही रकान्यांत एकाच ठिकाणी गर्दी दिसली. न्हाणीघर! इतकी वर्षं आम्ही स्वयंपाकाला दोष देत होतो, आणि स्वयंपाकाला तर तासभर मोकळा होता. आमचा गीझर १५ लिटरचा, २ किलोवॅटचा. २५ अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत तापवायला त्याला हिशेबाने १८ मिनिटं लागतात. त्यात गार पाणी मिसळलं की ४० अंशांचं साधारण ३५ लिटर होतं, म्हणजे आमच्याकडे दोन आंघोळी. पाच जणांसाठी टाकी तीनदा तापायला हवी, म्हणजे जवळजवळ एक तास नुसता गीझरचाच. स्वयंपाकाला लवकर लागून या तासातलं एक मिनिटही वाचणार नव्हतं. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या शेवटी कारखान्यांच्या कामांचं वेळापत्रक आखायला ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत निघाली, तिचा गाभा हाच आहे : एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सगळ्यांत लांब साखळी शोधा, ती आखडली तरच शेवट अलीकडे येतो. आम्ही मुलांच्या आंघोळी आदल्या रात्री उरकायला लागलो. सकाळी हात-तोंड धुऊन नवे कपडे घातले की मुलं तयार. आठ महिन्यांत सगळ्यांत जास्त गुण आला तो या एका बदलाने.

दुसरी गोष्ट अंदाजांची. मुलांचे कपडे घालून होण्यासाठी मी दहा मिनिटं लिहायचे, लागायची पंचवीस. एकदा सासूबाई म्हणाल्या, “अगं, मागच्या वेळी किती लागली ते लिही की.” तेव्हापासून अंदाज निळ्या शाईने आणि खरा वेळ लाल शाईने लिहितो, आणि पुसायच्या आधी फोटो काढून ठेवतो. पुढच्या वेळी लाल आकडाच निळा होतो. माणूस आपल्याच कामाला लागणारा वेळ कमी धरतो, या सवयीला डॅनियल काहनेमन आणि अ‍ॅमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. १९९४ साली छापून आलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात साडेपंचावन्न दिवस लागले. यावर काहनेमन-ट्वर्स्कींचा उपायही सासूबाई म्हणाल्या तोच होता : अशाच कामाला पूर्वी किती वेळ लागला ते बघा.

नवऱ्याला सुरुवातीला फळा अजिबात आवडला नव्हता. ऑफिस घरात आणलंस, म्हणायचा. त्याचं चुकत नव्हतं, कारण मी दर दहा मिनिटांचं काम लिहून ठेवलं होतं. आता अर्ध्या तासाखाली उतरत नाही, आणि साडेदहा ते अकरा ही ओळ पूर्ण कोरी ठेवतो. त्या ओळीत काम लिहायचं नाही, हा घरातला पक्का नियम आहे. एकदा ऐनवेळी शर्टाचं बटण तुटलं, एकदा नळाचं पाणीच गेलं. दोन्ही वेळा या कोऱ्या ओळीने सांभाळून घेतलं. काही अडलं नाही तर तो अर्धा तास आपला. मागच्या वेळी त्यात सासूबाईंनी धाकटीला मांडीवर घेऊन गोष्ट सांगितली. दोघींना कुठलीच घाई नव्हती.

धाकटीला वाचता येत नाही, म्हणून तिच्या रकान्यात चित्रं काढतो आणि तिचं पिवळं चुंबक ती स्वतः खाली सरकवते. “आवर लवकर” हे तिला दहादा सांगायचं मला आता उरलेलं नाही. मोठा अकरा वर्षांचा आहे, त्याला सरकवण्यात रस नाही. आदल्या रात्री जेवणं झाली की फळा आखायचं काम मात्र तो आनंदाने करतो. पंधरा मिनिटं पुरतात, पण पाचही जण समोर हवेत. एकदा मी एकटीने भरून ठेवला तर सकाळी कुणी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता वस्तूबद्दल. आमचा फळा मेलामाईनचा थर दिलेला, स्वस्तातला आहे आणि आठ महिन्यांत त्यावर पुसट डाग राहायला लागलेत. बारीक ओरखड्यांत शाई शिरते, ती नुसत्या डस्टरने निघत नाही. जुन्या अक्षरांवरून नवा मार्कर फिरवून लगेच पुसलं की बरीचशी निघते, उरलेली आयसोप्रोपिल अल्कोहोलने. रकान्यांच्या रेघांसाठी मी आता बारीक काळी चिकटपट्टी लावली आहे. काचेचा फळा डाग धरत नाही, पण त्याला ताकदीची निओडिमियम चुंबकं लागतात. लहान मुलाने अशी दोन चुंबकं गिळली तर ती आतड्याच्या दोन वेगळ्या भागांतून एकमेकांना ओढतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. धाकटी लहान असेपर्यंत तो धोका नको, म्हणून मोठी, साधी काळी चुंबकं घेऊन रंगवली. पुढचा फळा पोलादावर इनॅमल चढवलेला घेणार आहे. त्याला साधी चुंबकं चालतात आणि ओरखडे सहज पडत नाहीत. मार्कर आडवे ठेवा. आम्ही पहिले दोन टोक वर करून पेल्यात उभे ठेवले होते, ते महिन्याभरात फिके उमटायला लागले.