सुरक्षेचा वर्ग कोणाबरोबर घ्यायचा? बडोद्यातल्या मंडळांसाठी जोडीजोडीने तुलना

मंडळाची किंवा सोसायटीची बैठक बसली की कोणीतरी म्हणतंच, "या वर्षी जरा उपयोगाचं काहीतरी करू." मग यादी होते: अग्निशमन दल, १०८ची रुग्णवाहिका सेवा, रेडक्रॉस, पोलिसांची शी टीम (महिला-मुलांच्या सुरक्षेचं पथक), जमलं तर एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल. सगळ्यांना एकाच संध्याकाळी बोलवायचं, शाल-श्रीफळ द्यायचं, प्रत्येकाला दहा मिनिटं. फोटो छान येतात. पण आठवड्याने विचारलं तर घरी कोणाला काही आठवत नसतं.

माझं म्हणणं असं की एका वेळी दोनच संस्था घ्या. आणि त्या दोन अशा निवडा, ज्यांचं सांगणं एकमेकांना छेद देतं. स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर खिडक्या उघडा, असं एकजण सांगतो. नंदेसरी किंवा कोयलीच्या कारखान्यांकडे वायुगळती झाली तर खिडक्या बंद करा, असं दुसरा सांगतो. आग लागली की जिन्याने खाली उतरा, पूर आला की वर चढा. भूकंपात आधी टेबलाखाली बसा, आगीत मात्र थांबू नका. प्रत्येक सल्ला आपापल्या जागी बरोबर आहे. पण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलेला असला की रात्री दोन वाजता डोक्यात नेमका चुकीचा वर येतो. दोघे एका खोलीत समोरासमोर असले तर "मग आम्ही नक्की करायचं काय?" हा प्रश्न लोकच विचारतात, आणि उत्तर तिथेच ठरतं. संस्था एकत्र आणायचा मला दिसणारा मोठा फायदा हाच.

अग्निशमन दल आणि गॅस कंपनी

दांडिया बाजार, रावपुरा, घडियाळी पोळ या जुन्या वस्तीसाठी मी ही जोडी पहिली घेईन.

नुसतं अग्निशमन दल बोलावलंत तर प्रात्यक्षिक उत्तम होतं. ट्रेमध्ये आग पेटवतात, पोरं पुढे सरसावतात, जवान पिन काढून दाखवतो. नळी ज्वाळेच्या टोकावर धरायची नाही, बुडाशी धरायची, मग दांडा दाबून आडवी फिरवायची. घरगुती आकाराचा पावडरचा सिलिंडर काही सेकंदांतच रिकामा होतो, म्हणून आधी पिन काढून मग आग शोधत फिरणं उपयोगाचं नाही. एवढं ज्यांनी स्वतः हातात धरून केलं, त्यांच्या ते लक्षात राहतं. नुसतं पाहणाऱ्यांच्या राहत नाही, तेव्हा निदान दहा-बारा जणांना हात लावू द्या, आणि त्यात दोन-तीन काकू असू द्या. स्वयंपाकघरात त्याच असतात, आणि प्रात्यक्षिकात पुढे नेहमी मंडळाचे कार्यकर्ते.

अडचण पुढे येते. पेटत्या सिलिंडरवर ओलं पोतं टाकायचा प्रयोग बघायला जोरदार असतो, पण बडोद्यात कितीतरी घरांत सिलिंडरच नाही, पाइपचा गॅस आहे. महानगरपालिका आणि गेल ही सरकारी वायू कंपनी यांच्या भागीदारीतली वडोदरा गॅस लिमिटेड तो पुरवते. दोन्ही वायूंचा स्वभाव उलटा. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. पाइपमधला नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. म्हणून एका घरात दार सताड उघडणं महत्त्वाचं, दुसऱ्या घरात वरची झडप आणि खिडकीचा वरचा भाग. दोन्हीकडे एक गोष्ट समान: कुठलंही बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. एक्झॉस्ट फॅन तर नाहीच, आणि तिथेच बहुतेकांचा हात आधी जातो.

गॅस कंपनीचा माणूस आला की तो मीटरजवळची मुख्य चावी कुठे आहे ते दाखवतो. आपल्या इमारतीतल्या किती जणांना ती ठाऊक आहे, हे वर्गाआधी सहज विचारून बघा. काही घरांत तिच्यावर कपाट सरकवलेलं निघेल. मात्र कंपनीचा माणूस आग विझवायला शिकवत नाही, आणि त्याने शिकवूही नये. ते काम दलाचं. एकाने गळती थांबवण्यापर्यंत आणायचं आणि दुसऱ्याने तिथून पुढे न्यायचं.

पोळीतल्या, म्हणजे जुन्या अरुंद गल्ल्यांतल्या, मंडळांनी आणखी एक गोष्ट मागून घ्यावी. भाषण अर्ध्यावर आणा आणि उरलेल्या वेळात अधिकाऱ्यांना गल्लीतून चालवा. दांडिया बाजारचं अग्निशमन केंद्र तसं हाकेच्या अंतरावर. पण पोळीच्या तोंडाशी लावलेल्या दुचाकींमधून बंब आत येत नाही, नळी ओढत न्यावी लागते. लाकडी माड्या असलेल्या वस्तीत ती कुठून जाईल आणि कुठे अडेल, हे चालल्याशिवाय कळत नाही.

रेडक्रॉस किंवा सेंट जॉन, आणि १०८

इथे निवड खरी अवघड आहे, कारण दोन्हीकडे प्रथमोपचारच शिकवतात असं वाटतं. तसं ते नाही.

रेडक्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स यांचा अभ्यासक्रम रीतसर असतो. पट्टी बांधणं, हाड मोडलेलं हलू न देणं, भाजणं, साप चावणं, हृदय थांबल्यावर छाती दाबणं, हे सगळं त्यात येतं. शेवटी प्रमाणपत्र मिळतं, ते साधारण ३ वर्षं चालतं. कारखान्यात नोकरी करणाऱ्या पोरांना त्याचा उपयोगही होतो, कारण तिथे प्रथमोपचार पेटीची जबाबदारी प्रशिक्षित माणसाकडे द्यावी लागते. पण शुल्क असतं, वेळ जातो, आणि साठी ओलांडलेले काका दिवसभर बसत नाहीत.

१०८ची सेवा गुजरातमध्ये २००७ साली सुरू झाली. त्यांचे लोक आले तर प्रमाणपत्र मिळत नाही, पण एक गोष्ट तेच नीट शिकवू शकतात: फोनवर काय सांगायचं. पत्ता सांगताना खूण कोणती द्यायची, नाक्यावर कोणी उभं राहायचं, रुग्ण श्वास घेतोय का हे विचारल्यावर कसं पाहून सांगायचं. मधेच केस आली तर गाडी निघून जाणार, हे धरून चाला. त्यात त्यांचा दोष नाही.

दोघांची सांगड इथे बसते: हृदय थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. गाडी कितीही वेगाने आली तरी तेवढ्यात पोचेलच असं नाही. तेवढा वेळ शेजाऱ्याच्या हातात असतो. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती निदान ५ सेंटिमीटर दबेल इतका जोर. हे पुतळ्यावर करताना सुरुवातीला सगळेच फार हळू दाबतात. म्हणून पुतळे किती आणणार, हे आधी विचारा. एक पुतळा, साठ माणसं आणि चाळीस मिनिटं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस सेकंद. त्यापेक्षा पंधराच माणसं घ्या.

माझा कौल: मंडळाच्या आठ-दहा ठरलेल्या स्वयंसेवकांना प्रमाणपत्राचा वर्ग, बाकी सगळ्यांना नुसतं छाती दाबणं आणि फोन करणं. आणि रस्त्यावरच्या अपघातात मदत केली तर पोलीस मागे लागतील ही भीती काढून टाकायला पाच मिनिटं राखून ठेवा. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४ए आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला ते संरक्षण देतं, आणि नाव सांगायची सक्तीही होत नाही.

एनडीआरएफ आणि वनखातं

ही जोडी बाहेरगावच्या माणसाला विचित्र वाटेल. बडोदेकराला वाटणार नाही.

विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट. ऑगस्ट २०२४मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं, आणि समा, कारेलीबाग, अकोटा, फतेगंज या भागांत माणसं वरच्या मजल्यावर अडकून पडली. पाण्याबरोबर मगरी वस्तीत आल्या. फेब्रुवारी २०२५च्या गणनेत नदीत ४००हून अधिक मगरी निघाल्या, तेव्हा पुढच्या पुरातही त्या येणार हे धरूनच चालायचं.

एनडीआरएफची सहावी तुकडी आपल्या शेजारी जरोदला आहे. एवढं जवळ असूनही आपण त्यांना पूर आल्यावरच बघतो. रिकाम्या बाटल्या आणि डबे बांधून तरंगणारा तराफा कसा करायचा, आजारी माणसाला दोघांनी खुर्चीत बसवून जिना कसा चढवायचा, दोरीला गाठ कोणती मारायची, हे ते करून दाखवतात आणि करूनही घेतात. पूर ओसरल्यावर पाण्यात उतरू नका, असं ते सांगतील. पण घराच्या पायरीशी मगर बसली असेल तर काय करायचं, हे त्यांच्या धड्यात येईलच असं नाही. तिथे वनखातं लागतं. दगड मारायचा नाही, गर्दी करून तिचा रस्ता अडवायचा नाही, फाटक बंद करून खात्याला कळवायचं. ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा तिला मारणं हा गुन्हा. पूर येणाऱ्या सोसायटीत हे मुलांना आधी सांगावं लागतं, कारण मोबाइल घेऊन सगळ्यात जवळ तीच जातात.

वीज कंपनीचा म्हणजे एमजीव्हीसीएलचा माणूस इथे तिसरा म्हणून आला तर मी एकावेळी दोनचा माझाच नियम मोडेन. पाणी मीटरच्या पेटीपर्यंत यायच्या आत मेन बंद करायचा, आणि पाण्यात उभं राहून तर मुळीच करायचा नाही, हे त्याने सांगितलं की लोक ऐकतात.

हरणीच्या मोतनाथ तलावातली १८ जानेवारी २०२४ची दुर्घटना शहर विसरलेलं नाही. सहलीला गेलेली १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडाल्या, बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. जॅकेट कसं बांधायचं हे एनडीआरएफच्या वर्गात मुलांना बांधायलाच लावा, आणि जॅकेट नसेल तर नावेत बसायचं नाही हे पालकांना त्याच खोलीत ऐकू द्या.

कारखान्यांच्या बाजूचे

छाणी, बाजवा, गोरवा इथल्यांनी आधी ही जोडी पाहावी: जवळच्या कारखान्याचा सुरक्षा विभाग आणि जिल्ह्याची आपत्ती व्यवस्थापन शाखा. कोयलीच्या रिफायनरीत ११ नोव्हेंबर २०२४ला मोठी आग लागली तेव्हा हे आपल्यापासून किती जवळ आहे ते दिसलं. घातक रसायनांच्या १९८९च्या नियमांनुसार कारखान्याबाहेरच्या आराखड्याची रंगीत तालीम वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. तुमच्या वस्तीला त्यात घ्या, अशी मागणी करायला काहीच हरकत नाही. कारखाना एकटा आला तर आपल्या सुरक्षेचं कौतुक सांगण्यात वेळ जातो, जिल्ह्याचा माणूस बरोबर असला की भोंग्याचा अर्थ, वाऱ्याची दिशा आणि आडव्या दिशेने निघणं यावर बोलणं येतं. खिडक्या बंद करण्याचा धडा इथला, आणि तो गॅसच्या धड्यापासून वेगळा करून सांगायला लावा.

पोलीस

दोन वेगळे विषय आहेत. शी टीम आणि शाळेतल्या समुपदेशक बाई, ही जोडी मांडवात नको, वर्गात हवी. स्पर्शाबद्दल मुलं माइकसमोर काही बोलणार नाहीत. १८१ अभयम (महिलांसाठी) आणि १०९८ (मुलांसाठी) हे मदतीचे क्रमांक मात्र वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यावेत. मुलग्यांना या वर्गातून बाहेर काढू नका.

दुसरा विषय सायबर. पोलिसांचा सायबर विभाग आणि शेजारची बँक शाखा. पुण्याला किंवा परदेशात मुलं आणि इथे एकटे आजी-आजोबा, अशी घरं आपल्यात पुष्कळ. व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचं भासवून धमकावतात, ते 'डिजिटल अरेस्ट' असं कायद्यात काहीच नाही, हे गणवेशातल्या माणसाने सांगावं, आणि पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकाला कळवा, पाठोपाठ शाखेला, हे बँकेच्या माणसाने. दुपारी चार वाजता, चहाबरोबर. यासाठी वेगळी तयारी लागत नाही.

सूत्र कोणाच्या हातात?

संस्था आल्या-गेल्या तरी नोंद कुठेतरी राहायला हवी. मंडळाकडे माणसं आणि उत्साह, पण तो गणपतीच्या आसपासच. सोसायटीकडे यादी असते: कोण अंथरुणाला खिळलेलं, कोणाकडे ऑक्सिजन यंत्र, कोणाच्या घराची चावी कोणाकडे. शाळेकडे ठरलेला दिवस असतो. नागरी संरक्षण दलाचे स्वयंसेवक तुमच्या भागात असतील तर सूत्र मी त्यांना देईन, ७ मे २०२५च्या देशभरातल्या नागरी संरक्षण सरावात त्यांची आठवण सगळ्यांना झाली आणि नंतर पुन्हा मागे पडली. नसतील तर सोसायटी. मंडळाला मी शेवटी ठेवतो, आणि मी स्वतः मंडळवाला आहे.

तारखांचं एवढं सांभाळा. गणेशोत्सवात वर्ग ठेवू नका, विसर्जनाच्या बंदोबस्तात दल आणि पोलीस दोघेही गुंतलेले असतात. जून ते सप्टेंबर एनडीआरएफच्या तुकड्या कुठेही पाठवल्या जातात, म्हणून पुराचा वर्ग एप्रिल-मेमध्ये. सुट्टीत निम्मी घरं बंद असतात, तेव्हा परीक्षा संपल्या संपल्या. आगीचा दिवाळीच्या आधी. उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या) आधीच्या आठवड्यात १०८ आणि एमजीव्हीसीएल, गच्चीवरच: मांज्याने कापलेला गळा आणि तारेत अडकलेला पतंग, दोन्ही तिथलेच विषय. पत्र महिनाभर आधी द्या, अपेक्षित माणसांची संख्या खरी लिहा, आणि त्यात एक ओळ घाला की दुसरी कोणती संस्था येणार आहे. ती वाचून काही अधिकारी आधी एकमेकांना फोन करतात, आणि धडा तिथूनच जुळायला लागतो.