लग्नाचे फोटो ओलीस धरले जातात तेव्हा: पुण्यातल्या जोडप्यांसाठी सावधगिरीची सूचना

फसवलं गेल्याचं लक्षात येतं ते लग्नानंतर तीन-चार महिन्यांनी. आधी ‘एडिटर गावी गेलाय’, मग ‘अल्बम लॅबमध्ये आहे’, मग ‘हार्डडिस्क करप्ट झाली, रिकव्हरीला दिलीय’. मग फोन उचलणं बंद होतं, आणि एके दिवशी मेसेज येतो: उरलेले चाळीस हजार टाका, मगच डेटा मिळेल. तोवर ठरलेल्या रकमेतला बहुतेक भाग देऊन झालेला असतो आणि हातात असतात ते पाहुण्यांनी मोबाइलवर काढलेले फोटो. ही फसवणूक लग्नात होत नाही. बुकिंगच्या दिवशी, व्हॉट्सॲपवर आलेल्या अर्ध्या पानी कोटेशनला ‘ओके’ म्हटलं जातं, तेव्हाच ती ठरलेली असते.

तुळशीचं लग्न लागलं की पुण्यात मोठ्या मुहूर्ताच्या तारखेला डीपी रोडवरची लॉन्स आणि कर्वेनगर, सिंहगड रस्त्यावरची कार्यालयं एकाच दिवशी भरतात. त्या तारखेसाठी फोटोग्राफरलाही चार-चार विचारणा असतात. प्रामाणिक माणूस एक किंवा फार तर दोन ऑर्डर घेतो. फसवणारा चारही घेतो, चौघांकडून ॲडव्हान्स घेतो आणि तीन लग्नांवर दिवसाच्या रोजाने फ्रीलान्सर पाठवतो. तुम्ही ज्याचं काम पाहून भुललात, तो त्या दिवशी दुसऱ्याच मांडवात असतो. फ्रीलान्सर वाईटच असतो असं नाही, कित्येक जण उत्तम काम करतात. पण त्याचा तुमच्याशी करार नसतो. रात्री मेमरी कार्ड देऊन, रोजाचे पैसे घेऊन तो निघतो. रोजाचे पैसे थकले तर कार्ड स्वतःकडेच ठेवतो, आणि ते त्याच्या बाजूने समजण्यासारखं आहे. मग स्टुडिओवाल्याकडे तुमचे फोटो नसतात आणि तो ‘एडिटिंग चालू आहे’ म्हणत वेळ काढत राहतो. डेटा अडकण्याच्या प्रकरणांत ही साखळी अनेकदा आढळते, म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: आमच्या लग्नात कॅमेरा नेमका कोणाच्या हातात असेल? त्यांची नावं करारात लिहून घ्या. माणूस बदलावा लागला तर किती दिवस आधी कळवायचं आणि नापसंत असेल तर ॲडव्हान्स परत मिळेल का, हेही.

इन्स्टाग्रामवरचं काम खरं त्या फोटोग्राफरचंच आहे का, हे तपासायला एक सोपी युक्ती आहे. तुम्हाला आवडलेला एखादा फोटो निवडा आणि म्हणा, ‘याच्या आधीच्या आणि नंतरच्या चार फ्रेम दाखवा.’ ज्याने फोटो काढलाय त्याच्याकडे त्या असतातच, कारण अक्षता पडताना कोणी एकच क्लिक करून थांबत नाही. दुसऱ्याचा फोटो उचलून लावणाऱ्याकडे तेवढा एकच असतो. त्यानंतर एका लग्नाची अख्खी गॅलरी मागा, पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत, आणि शक्यतो ते लग्न कमी उजेडाच्या बंदिस्त कार्यालयातलं असू द्या. लॉनवरच्या संध्याकाळच्या उन्हात बहुतेकांचे फोटो चांगले येतात. कस लागतो तो लाल-निळे एलईडी आणि पिवळे दिवे एकत्र पेटलेल्या स्टेजवर. तिथे चेहऱ्यांचे रंग सांभाळता आले नाहीत की वधूची चिंतामणी रंगाची पैठणी प्रत्येक फोटोत वेगळी दिसते.

आता कोटेशनकडे. ‘१ कॅन्डिड, १ ट्रॅडिशनल, सिनेमॅटिक व्हिडिओ, ४० पानी प्रीमियम अल्बम, ड्रोन फ्री’ एवढंच लिहिलेलं असेल तर प्रत्येक शब्दाखाली वाद दडलेला आहे.

अल्बमचं घ्या. अल्बमचा हिशोब शीटमध्ये होतो. १२ बाय ३६ इंचांचं एक शीट उघडलं की १२ बाय १८ ची दोन पानं समोर येतात. ‘४० पानं’ लिहिलं असेल तर २० शीट मिळतील, आणि भांडायला गेलात तर कागदावर तो बरोबर ठरेल. दुसरी खेळी डिझाइनच्या वेळी होते. एकेका शीटवर एकेकच मोठा फोटो पसरवला जातो, निम्म्यातच अल्बम संपतो आणि ‘आत्याचे, मामांचे फोटो राहिलेत, अजून १२ शीट लागतील’ असं सांगून शीटमागे मनाला येईल तो दर लावला जातो. शीटची संख्या, एका शीटवर सरासरी चार-पाच फोटो, जादा शीटचा दर, कागद ग्लॉसी, मॅट की न फाटणारा, आणि छपाईपूर्वी डिझाइनमध्ये किती वेळा बदल करून मिळतील, हे सगळं लिहिलेलं असावं. ‘प्रीमियम’ या शब्दाला करारात काडीचीही किंमत नाही.

‘एक दिवस’ म्हणजे आठ तास की बारा? आदल्या संध्याकाळचं सीमांत पूजन त्यात धरलंय का? गोरज मुहूर्त असेल आणि टीम सकाळी हळदीला नऊला आली असेल, तर मंगलाष्टकांपर्यंतच आठ तास उलटून जातात आणि स्वागत समारंभाला ओव्हरटाइम सुरू होतो. अशा लग्नात टीमला उशिरा बोलवा किंवा जादा तासांचा दर आधीच ठरवा. मांडवात, पाहुण्यांसमोर कोणी घासाघीस करत नाही, याची फसवणाऱ्याला पूर्ण कल्पना असते.

माणसं किती, हेही तितकंच महत्त्वाचं. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि हार घातले जातात, हे सगळं मिनिटाच्या आत आटोपतं. वधूचा चेहरा आणि वराचा चेहरा एकाच माणसाला एकाच क्षणी पकडता येत नाही, त्यात मोबाइल उंचावलेले नातेवाईक मध्ये येतात. त्यासाठी फोटोचे दोघे आणि व्हिडिओचे दोघे हवेत. तुम्ही एकाचेच पैसे दिले असतील तर दुसऱ्या बाजूचा फोटो नाही म्हणून त्याला बोल लावू नका. पण दोघांचे पैसे घेऊन एक फोटोग्राफर आणि लाइट धरणारा एक मुलगा पाठवला असेल तर ती फसवणूक आहे, आणि ती सकाळीच उघडकीला यायला हवी. घरातल्या एका व्यवहारी माणसाकडे, मामा, चुलतभाऊ, कोणीही, करार द्या. टीम आल्यावर त्याने माणसं आणि कॅमेरे मोजावेत, नावं पडताळावीत आणि फरक असेल तर तिथूनच स्टुडिओवाल्याला फोटोसह मेसेज करावा. तो मेसेज पुढे पुरावा ठरतो.

त्याच माणसाकडे विधींचा क्रमही द्या. मराठी लग्न न पाहिलेला फ्रीलान्सर कानपिळीला चहाला जातो आणि सूनमुखाच्या वेळी बॅग भरत असतो. तो मुद्दाम चुकवत नाही, त्याला कोणी सांगितलेलं नसतं. लग्नापूर्वी गुरुजींशी त्याची पाच मिनिटं गाठ घालून द्या: लाजाहोमाला धूर कुठल्या बाजूला येईल, सप्तपदीला जागा किती असेल, वधूवरांची तोंडं कुठल्या दिशेला असतील. आजी-आजोबांसह कोणकोणते कौटुंबिक फोटो हवेत त्याची यादी करा, वीस-पंचवीस गटांच्या वर नेऊ नका, आणि एकेका गटाला दोन-तीन मिनिटं धरून तेवढा वेळ जेवणाआधी राखून ठेवा. टीमला पहिल्या-दुसऱ्या पंगतीलाच जेवायला बसवा. सकाळपासून उपाशी उभ्या माणसाकडून विहिणींच्या पंगतीचे चांगले फोटो मागणं अन्यायाचं आहे.

पण सगळ्यात जास्त भांडणं होतात ती डेटावरून, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

‘कार्ड करप्ट झालं’ हे खरंही असू शकतं. लिहिणं चालू असताना कार्ड ओढून काढलं, बनावट स्वस्त कार्ड वापरलं, एकच कार्ड वेगवेगळ्या कॅमेऱ्यांत फॉरमॅट न करता फिरवलं, की असं होतं. म्हणूनच लग्नाला दोन स्लॉटचा कॅमेरा वापरतात आणि प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर एकाच वेळी उतरवतात. दोन्ही एकदम जाणं फारच दुर्मीळ. बुकिंगच्या वेळी विचारा: कॅमेरा दोन स्लॉटचा आहे का, आणि दुसरं कार्ड बॅकअपसाठी लावता की पहिलं भरल्यावर वापरता? दुसऱ्या प्रकारात बॅकअप होतच नाही. तरीही करप्ट झाल्याचा निरोप आलाच, तर ते कार्डच मागा. त्यावर नवं काही चित्रित झालं नसेल तर पुष्कळ फोटो परत मिळू शकतात. कार्ड द्यायला टाळाटाळ होत असेल, तर ते पुढच्या लग्नात पुन्हा वापरलं गेलं असण्याची शक्यता मोठी.

लग्नानंतर ४८ तासांत सगळ्या मूळ फाइल्सची एक प्रत तुमच्या हार्डडिस्कवर, ही अट करारात घालाच. किती जागा लागते? २४ मेगापिक्सेलची रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली कच्ची फाइल साधारण २५ ते ५० एमबीची असते, म्हणजे तीन हजार फोटोंना ७५ ते १५० जीबी. शंभर एमबीपीएसने केलेलं फोर-के चित्रीकरण तासाला ४५ जीबी खातं. दोन कॅमेरे पाच-पाच तास चालले तर ४५० जीबी. एका दिवसाच्या लग्नाला १ टीबीची, दोन दिवसांना २ टीबीची डिस्क विकत घेऊन ठेवा. ५०० जीबी कॉपी व्हायला साध्या हार्डडिस्कला दीड तास तरी लागतो, त्यामुळे वरातीच्या गडबडीत नको, दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत बसून घ्या. निघण्याआधी प्रत्येक विधीची एखादी फाइल उघडून पाहा, नुसती फोल्डरची नावं मोजू नका. काही चांगले फोटोग्राफर रॉ देत नाहीत. अर्धवट काम आपल्या नावावर बाहेर फिरू नये, ही त्यांची भूमिका रास्त आहे. मग सगळ्या फोटोंचे पूर्ण आकाराचे जेपेग मागा आणि हे फक्त जपून ठेवायला आहे असं लिहून द्या.

मालकीचा प्रश्नही इथेच येतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक ते काढून घेणारा, म्हणजे पैसे देणारा ग्राहक असतो, करारात वेगळं ठरलं नसेल तर. या ‘नसेल तर’साठी छापील अटींमध्ये बारीक अक्षरात एक ओळ असते. ती शोधा. तुमचे फोटो जाहिरातीला वापरण्याची परवानगीही बहुधा त्याच ओळीत असते; नको असेल तर खोडून दोघांनी सही करा.

पैशांचे हप्ते कामाला बांधा. समजा पॅकेज १,८०,००० चं आहे. बुकिंगला २० टक्के, म्हणजे ३६,०००. लग्नाच्या आधी ३० टक्के, ५४,०००. डेटाची प्रत हातात पडल्यावर ५४,०००. अल्बम आणि फिल्म मिळाल्यावर उरलेले ३६,०००. लग्नापर्यंत निम्मे मागणं वाजवी आहे, फोटोग्राफरला माणसांचे रोज त्याच दिवशी द्यावे लागतात. लग्नाआधी नव्वद टक्के मागणाऱ्याला नकार द्या, मग त्याचं काम कितीही आवडलेलं असो. ‘आज भरलेत तर वीस हजार कमी’ हा दबाव तर ठरलेलाच. पैसे करारावरच्या नावाच्याच खात्यात टाका. शेवटी १८ टक्के जीएसटी वाढवून मागितला तर नंबर घ्या: तो १५ अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो आणि जीएसटी पोर्टलवर कोणालाही तपासता येतो. नोंदणी नसलेल्याला तो कर घेण्याचा अधिकार नाही.

‘ड्रोन फ्री’ला भुलू नका. लोहगावला हवाई दलाचा तळ आणि विमानतळ, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए), त्यामुळे पुण्यात कुठेही मनात आलं आणि उडवला असं चालत नाही. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे जागा लाल, पिवळ्या की हिरव्या पट्ट्यात आहे, म्हणजे परवानगी लागते की नाही, ते डिजिटल स्काय पोर्टलच्या नकाशावर दिसतं. परवानगी कोण काढणार आणि मिळाली नाही तर किती रक्कम वजा होणार, ते लिहा. प्री-वेडिंगलाही हाच नियम: शनिवारवाडा किंवा आगाखान पॅलेससारख्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉड आणि पोशाख घेऊन नुसतं जाऊन उभं राहता येत नाही.

उशिराचा दोष दर वेळी फोटोग्राफरचा नसतो. फोटो निवडून द्यायला जोडपी सहा-सहा महिने लावतात आणि मग अल्बम कुठे म्हणून विचारतात. निवड ३० दिवसांत, त्यापुढे अल्बम ४५ ते ६० दिवसांत, अशा दोन्ही बाजूंच्या तारखा करारात असल्या की कोण चुकलं ते दिसतं.

तरीही फसलात, तर फोनवर भांडत बसू नका. सगळं लिखित करा: काय ठरलं, किती दिले, काय मिळालं नाही, आणि १५ दिवसांची मुदत. ॲडव्हान्स घेऊन माणूस गायबच झाला असेल, अकाउंट बंद असेल, तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यात वळण्याआधीच गोठवता येतात. पोलीस ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणतात ते काम नुसतं रेंगाळलं असेल तेव्हा. फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता, हे दिसलं की भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लागू होतं. खोटा पत्ता, चोरलेले फोटो, अनेकांकडून घेतलेले ॲडव्हान्स ही त्याची चिन्हं. म्हणून त्याच फोटोग्राफरकडून फसलेली इतर जोडपी शोधा आणि एकत्र तक्रार द्या.

काम अर्धवट किंवा डेटा अडवलेला असेल तर आधी ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. फोटोग्राफर मुंबईचा किंवा नाशिकचा असला तरी तुम्ही पुण्यात राहत असाल तर पुण्यातच दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, ‘देतो, देतो’ ऐकण्यात ती घालवू नका. आणि तक्रारीसोबतच अंतरिम अर्ज जोडा: निकाल लागेपर्यंत मूळ फाइल्स पुसू नयेत आणि त्यांची एक प्रत आयोगापुढे जमा करावी.