टाइम-इंटरव्हल काउंटर, आठ महिन्यांनंतर: डिस्प्लेवर आकडे सात, खरे दोनच

टाइम-इंटरव्हल काउंटर म्हणजे दोन सिग्नलमधला वेळ मोजणारं यंत्र. माझ्या काउंटरची माहिती जाहिरातीत आहेच: १० मेगाहर्ट्झ क्लॉक, दोन चॅनेल, १००० रीडिंगचं अ‍ॅव्हरेज, मागच्या बाजूला ट्रिगर-आउट (दुसऱ्या यंत्राला सुरू करणारा सिग्नल). मला ११,५०० ला पडला. फ्रिक्वेन्सी मोजायला घेतला नव्हता. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशिनिंगचं छोटं शेड आहे. फौंड्रीतून एसजी आयर्नची, म्हणजे ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असलेल्या बिडाची, कास्टिंग येतात, त्यांच्यातून आवाज किती वेगानं जातो ते मोजून ग्रॅफाइटच्या गोळ्या नीट बनल्यात का ते बघायचं. तयार मीटरचं कोटेशन पाचपट आलं, म्हणून पल्सर (विजेचा झटका देणारा), ५ मेगाहर्ट्झचा प्रोब (त्याचा आवाज करून परत ऐकणारा) आणि हा काउंटर अशी जुळणी केली. पल्सर काउंटरच्या ट्रिगर-आउटवरून चालवत होतो.

चांगल्या एसजीत हा वेग सेकंदाला ५,६०० मीटरच्या आसपास असतो. साध्या करड्या बिडात ग्रॅफाइटच्या पाकळ्या आडव्या येतात आणि तो बराच खाली येतो. मॅग्नेशियम टाकलेला रस लॅडलमध्ये (ओतायच्या भांड्यात) जास्त वेळ राहिला की गोळ्या बिघडतात, वेगही उतरतो. आमच्या गिऱ्हाइकाची अट आहे ५,५७०.

आता तक्रार. पहिले दोन महिने मी या काउंटरवर डोळे झाकून विश्वास ठेवला आणि ४० नगांचा अख्खा लॉट परत आला. गिऱ्हाइकानं तपासलेल्यांतले काही फेल गेले होते. आमच्याकडे तेच पास होते. त्याच आठवड्यात मशीनवरचा पोरगा विचारत आला, "मालक, काल पास झाल्यालं आज फेल कसं काय दाखवाय लागलंय?"

तोच नग घेतला. भिंतीची जाडी २० मिलिमीटर, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या एकोमध्ये (एको म्हणजे भिंतीच्या पलीकडच्या बाजूवरून परत आलेला आवाज) आवाजाला जाऊन-येऊन ४० मिलिमीटर अंतर. अ‍ॅव्हरेज १००० वर ठेवलं. डिस्प्ले: ७.१०००००. आवाज आत जावा म्हणून प्रोबखाली लावलेलं ग्रीस पुसून नवीन लावलं, प्रोब परत दाबला: ७.२०००००. मायक्रोसेकंदापुढे सहा दशांश दाखवतो, म्हणजे शेवटचा आकडा पिकोसेकंदाचा, आणि हजार वेळा मोजूनही शेवटचे पाच आकडे शून्यच.

हिशेब करा. ७.१ ला वेग येतो ५,६३४. ७.२ ला येतो ५,५५६. एक पास, एक फेल, आणि मधलं काही दिसतच नाही. १० मेगाहर्ट्झच्या क्लॉकचा एक ठोका १०० नॅनोसेकंदांचा. काउंटर पूर्ण ठोकेच मोजणार, ७१ किंवा ७२. हे मला माहीत होतं. अ‍ॅव्हरेज केल्यावर मधला आकडा सापडतो हेही माहीत होतं, आणि जाहिरातीत तेच ठळक लिहिलंय. मग इथं का सापडत नव्हता?

विक्रेत्याला तीनदा फोन केला. "साहेब, शेवटचा आकडा थोडा हलतोच, नॉर्मल आहे." माझी तक्रार तो हलत नाही ही होती. तिसऱ्या वेळी त्यांनी जास्त पैशाचं टीसीएक्सओ (तापमानानं न ढळणाऱ्या क्रिस्टलचं) मॉडेल सुचवलं. हे ऐकून मी खरंच चिडलो. क्लॉकचा क्रिस्टल दोन पीपीएम (दहा लाखांत दोन) इकडेतिकडे असला तर ७ मायक्रोसेकंदांत फरक पडतो १४ पिकोसेकंदांचा. माझं भांडण १०० नॅनोसेकंदांशी होतं. अचूकता वेगळी, बारकाई वेगळी, आणि माणसाला बारकाई हवी असताना त्याला अचूकता विकायची हे बरोबर नाही.

शेवटी झाकण उघडलं. ट्रिगर-आउटची ट्रॅक धरून मागं गेलो तर ती डिव्हायडरमधून त्याच १० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला जाऊन मिळाली. म्हणजे पल्सर क्लॉकच्या तालावरच सुटत होता. प्रत्येक पल्स ठोक्याच्या त्याच जागी सुरू होणार, एको त्याच जागी येणार, हजार वेळा ७१ च मिळणार. ग्रीसचा थर जरा बदलला की सगळी हजार रीडिंग मिळून ७२ वर जाणार. अ‍ॅव्हरेजला अर्थ तेव्हाच, जेव्हा पल्स आणि क्लॉक यांचा एकमेकांशी संबंध नसतो. तेव्हा खरी वेळ ७.१४ असेल तर शंभरातली साधारण चाळीस रीडिंग ७२ येतात आणि साठ ७१.

ट्रिगर-आउट काढून टाकला. ५५५ या टायमर चिपवर सेकंदाला २०० पल्सचा वेगळा टायमर बांधला, खर्च चहा-नाष्ट्याइतका. पाच सेकंदांत हजार रीडिंग. डिस्प्ले: ७.१४१ च्या आसपास. परत ग्रीस, परत प्रोब: ७.१३९. त्या रात्री मी शेडमध्ये साडेनऊपर्यंत एकच नग मोजत बसलो होतो, इतका आनंद झाला होता. १०० नॅनोसेकंदांचा काउंटर दीड नॅनोसेकंदापर्यंत खाली आला. एक स्टार द्यायचं ठरवलं होतं, ते इथं मागं घेतो.

सहाव्या महिन्यात कळलेली आणखी एक गोष्ट: अ‍ॅव्हरेजही एक गोष्ट लपवतं. खडबडीत कास्टिंगवर एकोची पहिली लाट कमजोर आली की ट्रिगर पुढच्या लाटेवर जातो. ५ मेगाहर्ट्झला एक लाट २०० नॅनोसेकंदांची. दहातलं एक रीडिंग असं घसरलं तर सरासरी २० नॅनोसेकंदांनी वाढते आणि वेग १६ मीटरनं कमी दिसतो. चांगला नग फेल होतो आणि कारण कळत नाही.

म्हणून टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीडीसी७२०० चिप लावली. तिची बारकाई ५५ पिकोसेकंद, तीही एकाच मोजणीत. कल्पना जुनीच आहे, रोनाल्ड नट यांनी १९६८ मध्ये मांडलेली: पूर्ण ठोके क्लॉकनं मोजायचे आणि सुरुवातीचा नि शेवटचा अर्धामुर्धा तुकडा वेगळ्या बारीक मापानं. या चिपमध्ये ते बारीक माप आतला रिंग ऑसिलेटर (क्लॉकपेक्षा खूप वेगानं ठोके देणारं सर्किट) देतो आणि क्लॉकशी ताडून स्वतःला कॅलिब्रेट करतो. शिवाय एका स्टार्टला पाच स्टॉप घेते, त्यामुळे दोन्ही एको एकाच पल्सवर मिळतात. पाय १४, दोन पायांत ०.६५ मिलिमीटर. भिंग लावून, भरपूर फ्लक्स टाकून बारीक टोकानं सोल्डर केलं, तिसऱ्या प्रयत्नात जमलं. बोर्ड, कंपॅरेटर धरून २,३०० रुपये.

आता घसरलेलं रीडिंग ७.३४ वर वेगळं उभं दिसतं, ते टाकून देतो. यापुढे टायमिंगवर पैसे घालण्यात अर्थ नाही, कारण २० मिलिमीटरवर कॅलिपरची ०.०२ ची चूक एकटीच साडेपाच मीटरचा फरक पाडते. पुढची खरेदी मायक्रोमीटर.

काउंटर घ्यावा का? क्लॉक आणि डबा म्हणून या किमतीत ठीक. ट्रिगर-आउट वापरू नका, आणि विकणाऱ्यांनी डिस्प्लेवरचे आकडे कमी करावेत.

परत आलेले ४० नग मी टाकले नव्हते. सगळे नव्यानं मोजले: २६ अटीच्या वर, १४ खाली. फौंड्रीवाले पाहुणे स्वतः आले, खालच्यातला एक कापून मायक्रोस्कोपखाली बघितला, गोळ्या विस्कटलेल्या होत्या. शेवटच्या लॅडलचा माल निघाला. उरलेल्या १३ वर खडूनं फुली मारलीय, शनिवारी त्यांचा टेम्पो येतो न्यायला.