आठ महिने एपिलेटर: डावा पाय रेझरचा, उजवा मशीनचा

मागच्या दसऱ्याला १,८९९ रुपयांना एपिलेटर, म्हणजे केस मुळापासून उपटणारं छोटं मशीन, मागवला. आमचं गाव दारव्ह्यापासून बारा किलोमीटर आत, कुरिअरवाला येत नाही. "ताई, इकडंच येऊन घेऊन जा" असा फोन आला आणि स्कूटीवर जाऊन घेऊन आले. त्याआधी दर महिन्याला वॅक्सिंगसाठी तालुक्याला जायचे, त्यात अर्धा दिवस आणि अडीचशे रुपये जायचे.

डबा उघडला तेव्हा सासूबाई तिथंच तूर निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "कायले उपटतं व बाई? तुरीचा शेंडा खुडला का दुप्पट फुटवे येते. तसेच राठ होतीन तुये केस." डब्यावर नेमकं उलटं छापलेलं, नियमित वापरा, केस विरळ आणि मऊ होत जातील. दोघांपैकी खरं कोण ते पाहायचं म्हणून मी दसरा ते संक्रांत उजव्या पायाला एपिलेटर आणि डाव्या पायाला साधं रेझर वापरलं. कुर्ता-सलवारखाली कोण पाहतं!

आधी दुखण्याबद्दल. पहिल्यांदा डोळ्यात पाणी आलं. आंघोळीनंतर, कातडी एका हाताने ताणून, केस उगवतात त्याच्या उलट दिशेने सावकाश फिरवलं तर तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून सहन होतं. काखेत मात्र मी एकदाच प्रयत्न केला आणि हात जोडले. केस फार लांब असले तर मुळापासून न निघता मधेच तुटतात आणि चार दिवसांत परत टोचतात. आधी कापून घ्या, दोन-तीन मिलिमीटर ठेवा.

रेझरचा पाय तिसऱ्या दिवशी खरखरीत. सलवार त्यावर अडकायची. सासूबाईंचं म्हणणं खरं वाटावं असाच तो स्पर्श होता. पण भिंगाने पाहिलं तेव्हा उलगडलं: केस मूळचा टोकाकडे निमुळता असतो, रेझर त्याला आडवा कापतो. त्या बोथट टोकाचा खुंट बोटाला जाड लागतो. कापलेल्या पऱ्हाटीच्या धसकटावर अनवाणी पाय पडल्यासारखं. पऱ्हाटी काही जाड झालेली नसते.

तुरीचं उदाहरणही इथं बसत नाही. तुरीचा शेंडा जिवंत, तो खुडला की खालचे डोळे फुटतात. केसाचा वर दिसणारा भाग मेलेलाच. वाढ होते ती कातडीखाली, मुळाशी, आणि वर पातं फिरलं हे मुळाला कळतही नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी बाईंनी १९२८ साली दाढी करणाऱ्या पुरुषांवर हे तपासलं होतं. १९७० मध्ये पाच पुरुषांचा एकच पाय काही महिने दर आठवड्याला भादरून दुसऱ्याशी ताडून पाहिला गेला. केसांच्या जाडीत किंवा वाढीच्या वेगात फरक नव्हता. म्हणजे माझा प्रयोग काही नवा नाही. बाळाच्या जावळाचंही तेच. पहिले मऊ केस आपोआप गळून दुसरे येणारच असतात, श्रेय वस्तऱ्याला मिळतं. आणि मुली रेझर हातात घेतात ते वयात येताना, त्याच वयात हार्मोनमुळे केस राठ व्हायला लागतात.

आता उजवा पाय. पहिल्याच आठवड्यात बारीक केस दिसले तेव्हा वाटलं, पैसे बुडाले. पण ते उपटलेले केस परत आलेले नव्हते. सगळे केस एका वेळी वाढत नाहीत. काही वाढतात, काही नुसते थांबलेले, काही कातडीखालीच. निंदण झाल्यावर आठ दिवसांत जे तण वर येतं ते आधीच जमिनीत असतं ना, तसं. दर आठ-दहा दिवसांनी फिरवत राहिल्यावर दीड महिन्यात पाय खरंच विरळ दिसू लागला. नवीन केस निमुळत्या टोकाचे, म्हणून मऊ.

पण उपटल्याने केस कायमचा जात नाही. ज्या खळग्यातून तो येतो तो शाबूत राहतो आणि नवीन केस घडवतो. संक्रांतीनंतर मी दोन्ही पाय तसेच सोडले. गुढीपाडव्याला सासूबाईंना डोळे मिटायला लावून दोन्ही पायांवरून हात फिरवायला सांगितला. चिमटीत कापूस ओढून धाग्याची लांबी सांगणारी ही बाई. दोनदा चाचपलं, मग म्हणाल्या, "सारखेच हायेत व." डबा आणि सासूबाई, दोघंही हरले.

तोटे: उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला तेव्हा घामाने बारीक पुळ्या आल्या, काही केस कातडीतच वळले. खरखरीत पंचाने अंग घासणं आणि दोन दिवस सैल कपडे, एवढ्यावर निभावलं. चार्जिंगची पिन सहाव्या महिन्यात ढिली झाली. सर्व्हिस सेंटर नागपूरला, म्हणजे दुरुस्तीपेक्षा एसटीचं भाडं जास्त. आता वायर रबराने बांधून चार्ज करते, तेही लाईन असेल तेव्हा.

हनुवटीवर मशीन फिरवू नका. माझ्या नणंदेला तिथं जाड केस यायचे, घरचे म्हणायचे उपटून वाढले. पाळीही चुकायची. डॉक्टरांनी तपासलं तर पीसीओएस, म्हणजे बायकांमधला हार्मोनचा बिघाड, निघालं. उपचार त्याचा करायचा होता, केसांचा नाही. काढल्यानंतर केस खरोखर वाढल्याचं दिसतं ते लेझरनंतर काही जणींना, विशेषतः चेहऱ्यावर आणि सावळ्या कातडीवर. लेझरला जाणार असाल तर हे आधी विचारा.

पाच पैकी साडेतीन. पायांसाठी घ्या. वॅक्सिंगचे पैसे वाचून मशीनची किंमत आठ महिन्यांत फिटली. डावा पायही आता मशीनवरच आणलाय.